शेवटची पाच मिनिटं

१६ जून
शाळा सुरू झाली आणि ही वहीही. मराठीच्या कुलकर्णी बाई म्हणाल्या, "सुनीता, निबंध पाठ करून येत नसतो. रोज चार ओळी लिही. काहीही लिही." म्हणून लिहितेय. वय अडतीस, या शाळेत शिपाई, मानधनावर. पोरं मावशी म्हणतात. नववीनंतर लग्न झालं, सिन्नरकडचं गाव सुटलं, शाळाही सुटली. आता दहावीला बसायचं, बाहेरून.
का, तेही लिहून ठेवते, म्हणजे कंटाळा आला की वाचता येईल. प्रयोगशाळेचे परिचर गायकवाड काका येत्या मे अखेर निवृत्त. ती जागा मला हवी आहे. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "दहावी पास झालीस तर नाव पुढे पाठवते. झालीस तर."

२५ जून
माझं स्टूल तिसऱ्या मजल्यावर, दहावी ब च्या खिडकीशी. घंटा खाली, ऑफिसच्या दारात. प्रत्येक तासाला पाच मिनिटं आधी उठायचं, तीन जिने उतरायचे, ऑफिसच्या घड्याळात बघायचं, टोल द्यायचा, पुन्हा वर. दिवसातून आठ वेळा. गुडघ्यांचं काय होतं ते लिहीत नाही.
आज भामरे सरांचा तास, गुरुत्वाकर्षण. (गणित आणि विज्ञान दोन्ही तेच शिकवतात.) सर म्हणाले, "चंद्र सतत पृथ्वीकडे पडत असतो." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण फळ्यावर बाणसुद्धा काढला, चंद्राकडून आपल्याकडे! मग म्हणाले, "तरी तो आपल्यावर आदळत का नाही?" आणि मला उठावं लागलं.

२६ जून
काल संध्याकाळी भांडी घासायची सोडून अंगणात गेले. आभाळ भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. यांना सांगितलं, चंद्र पडतोय म्हणे. हे सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलेले, पाय पसरून बसले होते. म्हणाले, "आपल्या घरावर नको म्हणावं, पत्रे नवीन टाकलेत."
हसू आलं. पण खरं सांगते, इतकी वर्षं ज्याला ओवाळलं, पोरीला दाखवून घास भरवले, तो पडत असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

९ जुलै
भूगोल. दहावीला ब्राझील आहे. आपण अकराची पहिली घंटा देतो तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच. म्हणजे तिकडच्या शाळेची शिपाई गाढ झोपलेली, अन् ती उठून घंटा देईल तेव्हा मी घरी पोळ्या लाटत असेन. एकीची संपली की दुसरीची सुरू. पृथ्वीवर कुठे ना कुठे घंटा वाजतेच आहे. हे पुस्तकात नाही, माझं मीच काढलं. दिवसभर खूश होते.

५ ऑगस्ट
काकांनी प्रयोगशाळा पुसायला बोलावलं. एरवी कपाटाला हात लावू देत नाहीत. आज स्वतःच एक काचेचा त्रिकोणी तुकडा काढला, लोलक म्हणतात, अन् खिडकीतल्या उन्हात धरला. माझ्या पांढऱ्या ओढणीवर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग. हात लावला तर हातावर आले.
काका म्हणाले, "उन्हातच असत्यात हे. लय वर्षं झाली बघतोय, अजून मन भरत नाय."
इतका खडूस माणूस. त्यांचे डोळे बघायला हवे होते. ही जागा मला हवीच आहे, आणि फक्त पगारासाठी नाही, हे आज कळलं.

२२ ऑगस्ट
इंग्रजी. बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं, द बेल इज रंग. घंटा वाजवली जाते. म्हणाल्या, कोणी वाजवली ते सांगायची गरज नसते. सगळा वर्ग खिडकीकडे बघून हसला. मीपण हसले. मग उठले आणि वाजवली.

११ सप्टेंबर
मोठा घोळ. भामरे सर पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करत होते. काटकोनातून एक लंब टाकला, एका त्रिकोणाचे दोन झाले, अन् ते दोघे मोठ्याशी जुळायला लागले, आईबापाच्या वळणावर गेलेल्या लेकरांसारखे. उठायचं भानच राहिलं नाही. खालून मोठ्या बाईंचा आवाज आला तेव्हा धावले. जेवणाची सुट्टी नऊ मिनिटं उशिरा. आठशे पोरं उपाशी, त्यात पाचवीची बारकी.
आणि एवढं होऊन शेवट ऐकलाच नाही!
मोठ्या बाई: "पुन्हा असं झालं तर नाव पाठवायचं विसर. घड्याळ सांभाळता येत नाही तिला मी ॲसिडच्या बाटल्या कशा देऊ?"
बरोबर बोलल्या. म्हणूनच जास्त लागलं.

१२ सप्टेंबर
आजपासून पाच नाही, सहा मिनिटं आधी उठते.

१३ ऑक्टोबर
फॉर्म भरून झालेत. भामरे सरांनी सराव म्हणून विज्ञान आणि भूमितीचे पेपर घरी लिहायला दिले होते. आज तपासून मिळाले. प्रत्येक उत्तराखाली लाल शाईत एकच शब्द, "पुढे?"
चंद्र पडतो. पुढे? लंब टाकला, त्रिकोण जुळले, दोन्ही समीकरणांची बेरीज केली. पुढे? फुप्फुसात हवा गेली. पुढे?
सर म्हणाले, "सुरुवात इतकी चांगली करतेस, मग मध्येच सोडून कुठे जातेस?"
मला एकदम रडायला आलं. म्हटलं, "सर, घंटा द्यायला."
सर पेपर हातात धरून उभे राहिले. मलाही तोवर कळलं नव्हतं की माझ्याकडे सगळे विषय आहेत, पण एकाचाही शेवट नाही.

१५ ऑक्टोबर
पुस्तकातून शेवट वाचायचा प्रयत्न. अक्षरं तीच, पण खडू नाही, आवाज नाही. डोक्यात बसत नाही. पास होणं अवघड दिसतं. दिवाळीचं फराळाचं सामान आणायचंय, तेही सुचत नाही.

६ नोव्हेंबर
सुट्टी संपली. काकांपर्यंत माझ्या अर्ध्या उत्तरांची गोष्ट पोचलेली. पहिल्याच दिवशी दारात उभे. "प्रयोगशाळा घंटेच्या शेजारी हाय. घंटा मी देतो. तू वरच बस."
म्हटलं, काका, तुम्ही तर म्हणायचात, मी परिचर हाय, शिपाई नाय.
"अजून म्हणतो. पण माझी भांडी अर्ध्या शिकलेल्या बाईच्या हातात द्यायची नायत मला."
मोठ्या बाईंना विचारायला नको का? तर म्हणे, "सांगितलं त्यांना. सहा महिन्यांनी घरी जाणाऱ्याला काय नाय म्हणत्यात." घंटा मात्र इतक्या जोरात बडवली की कबुतरं उडाली.

७ नोव्हेंबर
आयुष्यात पहिला शेवट ऐकला. दहावीला तास नव्हता म्हणून सहावीच्या दाराशी उभी राहिले. हडप्पा. विटांची घरं, झाकलेली गटारं, आमच्या गल्लीत अजून झाकणं बसायचीत. एवढं शहाणं शहर, मग गेलं कुठे? अगदी शेवटच्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "कारणं बरीच सांगतात. पण नक्की काय झालं ते आजही कोणालाच माहीत नाही." अन् घंटा झाली.
खाली आले. काका हातोडी घेऊन उभेच. "मग? काय निघालं शेवटी?"
"कोणालाच माहीत नाही म्हणे."
"आन् मी त्याच्यासाठी घंटा बडवली?"
दोघं किती हसलो. पण जिना चढताना अंगावर काटा आला. एवढी मोठी माणसं, एवढी पुस्तकं, आणि वर्गात उभं राहून सांगतात की माहीत नाही. मी तर माहीत नाही म्हणायला आयुष्यभर लाजले.

१९ जानेवारी
उजळणी. गुरुत्वाकर्षण. सात महिने वाट बघितली या तासाची. भामरे सरांनी चंद्राला दुसरा बाण काढला, आडवा. तो पडतोच. पण तितकाच पुढेही धावतो, म्हणून जमीन त्याला सापडतच नाही. पडत पडतच तो फिरत राहतो. तास संपेपर्यंत बसून होते. घंटा झाल्यावर सरांनी खिडकीतून बघितलं, म्हणाले, "पुढे?" मी म्हटलं, "पुढे काही नाही सर. झालं." पहिल्यांदा म्हटलं.
घरी यांना सांगितलं. यांनी चहा खाली ठेवला. म्हणाले, "परत सांग."

१० फेब्रुवारी
हॉल तिकीट आलं. फोटो चोरासारखा. काकांनी माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितलं. मोठ्या बाईंनी परीक्षेच्या दिवसांची रजा मंजूर केली, वर एक पेन दिलं.

९ मार्च
भूमिती. दुसरी शाळा, दुसरा वर्ग, शेजारी लेकीच्या वयाची वाटावी अशी पोरगी, तीच मला म्हणाली, "घाबरू नका." बाकावर बसले की गुडघे अडकतात.
पायथागोरस आला! पण आधी सोप्या गणितांत वेळ घातला, आकृती दोनदा खोडली, प्रमेय शेवटी घेतलं. लंब टाकला. त्रिकोण जुळले. बेरीज केली. सामाईक बाहेर काढलं. एक ओळ राहिली आणि खाली कोणीतरी टोल दिला.
सवयीने उभी राहिले, दाराकडे निघाले. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "अहो मावशी, पेपर तर द्या." पोरं हसली.
एक ओळ होती फक्त. मागावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांत मी कोणाला अर्धं मिनिट तरी दिलंय का? दिला पेपर.
बाहेर काका आलेले, सातपूरच्या बसने, उन्हात, टोपी घालून. "झालं का पुरं?" म्हटलं, एक ओळ राहिली. "येत नव्हती?" म्हटलं, येत होती. मग उसाचा रस पाजला.
परवा विज्ञान. निकाल लागेपर्यंत काकांची निवृत्ती झालेली असेल, तोवर प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाकडे, देव जाणे.
तिथे राहिली ती ओळ इथे लिहून ठेवते.
म्हणून, काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.
सिद्ध झाले.