नॉबवरची खाच

परंडा, रविवार संध्याकाळ

सलीमचाचांना आज गिटारचा अ‍ॅम्प नेऊन दिला. आमच्या जलशात मी बोलायचे, ते गिटार वाजवायचे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली, जुन्या अ‍ॅम्पच्या पडद्यावरचं काही वाचता येईना, तेव्हापासून गिटार खुंटीवर. यंत्रानं माणसापुढं वाकावं, असं मी सभांतून ठणकावते. म्हणून हा बनवला. आत सगळं डिजिटल, बाहेर फक्त फिरवायचे तीन नॉब: आवाज, बेस, ट्रेबल. कुठवर फिरवलाय ते बोटाला कळावं म्हणून प्रत्येकावर एक खोल खाच.

खाचेचं सांगितलं, तसा त्यांनी नॉब चाचपला. अंगठा खाचेवरून गेला, परत आला.

"बेटा, खाच कुठंय?"

साखरेनं बोटंही बधिर केली? हे मला आधी कसं सुचलं नाही? आणि तारा? त्या तरी आता त्यांना कळतील?

"राहिलीच, चाचा. करून आणते."

"तासभर बिनकागदाचं बोलतीस, अन् एवढीशी खाच इसरलीस व्हय?" ते हसले.

मीही हसले. खऱ्यासाठी भर सभेत भांडणारी मी.

त्यांचा अंगठा अजून खाचेवरच होता.