सौंदडीची फांदी

९ फेब्रुवारी २०२४, मिरज

इम्तियाज सरळ म्हणाला, "अम्मी, ये अपने में नै. सुमैयाच्या मांडवाला फांदी बांधायची नाही." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

लेकीचं लग्न अठराला. आणि फांदी नाही?

१० फेब्रुवारी

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, मन गोंधळलं की लिहून काढ. काढते.

जतकडच्या आमच्या गावात दोन भाऊ होते. एक मुसलमान झाला, एक राहिला. किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. आडनाव एक, शिवेवरचं सौंदडीचं, म्हणजे शमीचं, झाड एक. एका घरी लग्न निघालं की दुसऱ्या घरची थोरली बाई फांदी आणते, हळद लावून मांडवाला बांधते. मग आमच्यात मलिद्यावर फातिहा, त्यांच्यात आरती.

मी नवरी होऊन आले तेव्हा त्या दुसऱ्या घरची तानुबाई तिच्या सासूमागनं आली होती — तीही तिथं नवी सूनच. सासू फांदी बांधत असताना माझ्या कानात म्हणाली, "भिऊ नगंस. मी हाय."

१२ फेब्रुवारी

"हिंदूंची रीत आहे ती. विट्याचे व्याही काय म्हणतील?" — इम्तियाज.

असेलही. नमाज मी चुकवत नाही. फांदीपुढे कधी हात जोडले नाहीत. मग काय होतं ते?

१४ फेब्रुवारी

तानुबाईला फोन केला. म्हटलं, रागावू नकोस, या वेळी फांदी नको.

तर हसलीच! "अगं बाई, सुटले! आमचा नातू, राजवर्धन, लय दिस म्हनतोय — आज्जी, ती मुसलमानांची रीत हाय, आता बास. तुला कसं सांगू म्हनून झुरत हुते मी."

आमच्याकडे हिंदूंची, त्यांच्याकडे मुसलमानांची! मग इतकी वर्षं आम्ही पाळत कुणाची होतो?

"लग्नाला येते की. पन रिकाम्या हातानं," म्हणाली. मग फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी

इम्तियाज मंडपवाल्याकडे म्हणून गेला तो पाच तासांनी आला. "टायर पंक्चर!" लग्नघरात एवढी कामं पडलेली! खूप बोलले त्याला.

१८ फेब्रुवारी

निकाह झाला. मांडवाचा खांब उघडाच. तानुबाईनं तिकडे बघितलं, नजर वळवली.

निघताना सुमैयानं पदराची गाठ सोडून दाखवली. आत सौंदडीचा डहाळा, हळदीनं माखलेला. "दादानं गावाकडनं आणला काल. राजवर्धननं तोडून दिला. दोघांनी शपथ घातलीय — घरी कुणाला सांगायचं नाही."