होडीवाला काय म्हणाला

अप्पा, तो गेम आता परत निघालाय. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही भाग एकत्र, एकाच गठ्ठ्यात. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी तो घेतला आणि लॅपटॉपवर उतरायला लावून बसले. नांदेडचं माझं घर तुम्ही पाहिलेलं नाही. दोन खोल्या आहेत. मागच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं आणि रविवारी तिथं कुणी नसतं. गेम उतरायला बराच वेळ लागणार होता, म्हणून मी त्याच्या खाली लोकांनी लिहिलेली मतं वाचायला घेतली. जगभरातली माणसं खेळतात आणि तिथंच लिहून ठेवतात, घ्या, घेऊ नका, हे आवडलं, ते भिकार आहे. वाचता वाचता चहा गार झाला.

बहुतेकांचं म्हणणं एकच. पहिल्या भागाच्या वाटेला जाऊ नका, सरळ दुसऱ्यापासून सुरू करा. पहिल्यात माणसांचे चेहरे लाकडासारखे आहेत, तलवार लागली की नाही कळत नाही, आणि घोडा मिळेपर्यंत जीव जातो. तिसऱ्याबद्दल भांडणं आहेत. कुणी म्हणतं, एवढे सुंदर डोंगर कुठल्याच गेममध्ये नाहीत. कुणी म्हणतं, डोंगर आहेत, पण वर चढून गेल्यावर बोलायला माणूस नाही. एकानं लिहिलंय, 'पहिला भाग चार तास खेळलो, त्यातले तीन तास नुसता चालत होतो.' हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. तुम्ही म्हणाला असतात, "मग? रोड कशासाठी असतो?"

तुम्ही एकतीस वर्षं एस.टी. चालवली. लातूर–निलंगा, लातूर–उदगीर–देगलूर, आणि शेवटी शेवटी लातूर–हैदराबाद. मग लकवा झाला, डावा हात आणि डावा पाय गेला, आणि तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसलात. मी तेव्हा लातूरला लॅबमध्ये सकाळी रक्त घ्यायच्या कामावर होते. एक वाजता घरी यायचे, तुम्हाला जेवू घालायचे, आणि मग दुपार संपता संपत नसे. टीव्ही तुम्हाला नको असायचा. पेपर एका हातानं उलटता यायचा नाही म्हणून चिडायचात. एका दुपारी करमेना म्हणून मी दादाचा मागं राहिलेला कॉम्प्युटर सुरू केला. त्यात हा गेम होता. जंगलातून एक पायवाट, मी जमेल तशी चालतेय, आणि पाठीमागून तुमचा आवाज येतो, "तो रोड कुठं जातोय?"

"मला काय माहीत, अप्पा."

"मग जाऊन बग की. सरळ घे. आन् कडंनं चाल, मधून नको."

त्या दिवसापासून आपली रोजची फेरी सुरू झाली. मी खेळते, तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसता, उजव्या हातानं रस्ता दाखवता. त्या जगातल्या गावांची नावं तुमच्या तोंडात बसेनात, म्हणून तुम्ही आपली ठेवलीत. किल्ला होता ते कंधार. तीन वाटा मिळायच्या ते मुदखेड. आता लोकांची मतं वाचताना मला उलटं करावं लागतं. ते कुठल्या तरी परक्या नावाचं गाव सांगतात आणि मी मनात म्हणते, अच्छा, हे कंधारबद्दल चाललंय.

लढाईत तुम्हाला रस नव्हता. लांडगे आले की म्हणायचात, "पळ, कशाला मारतीस?" एकदा मी एका शेतकऱ्याच्या घरात शिरून टेबलावरची भाकरी उचलली. गेममध्ये सगळेच उचलतात. तुम्ही इतके रागावलात की मला खरंच लाज वाटली. "लोकाच्या घरात न इचारता? ठिव ती. आत्ताच्या आत्ता ठिव." ती परत टेबलावर ठेवता येत नव्हती, खाली जमिनीवरच पडायची. तुम्ही बराच वेळ त्या जमिनीवरच्या भाकरीकडं बघत बसलात. आणि एकदा जळून गेलेलं एक गाव लागलं. नुसत्या भिंती. मी भराभर पुढं निघाले, तर तुम्ही म्हणालात, "हळू. हितं लोक ऱ्हायचे." मग सांगितलंत की भूकंपानंतर किल्लारीच्या गाडीवर असताना एक म्हातारी हमेशा जुन्या गावापाशी उतरवायला सांगायची. तिथं ना थांबा होता ना घर. कंडक्टर कुरकुर करायचा. तुम्ही गाडी थांबवायचात, ती उतरून धोंड्यांकडं तोंड करून बसायची, आणि परतीच्या फेरीला तुम्ही तिला घ्यायचात. हे तुम्ही आधी कधीच सांगितलं नव्हतं. आईलाही ते माहीत नव्हतं, असं मला वाटतं.

त्या गेममधली माणसं इंग्रजीत बोलायची. तुम्ही दर वाक्याला विचारायचात, "काय म्हणतंय ते?" आणि मी सांगायचे. निम्मं मला कळायचं, निम्मं मी जुळवायचे.

दादाचं नाव आपण काढत नव्हतो. आई गेली त्या दिवशी त्याची हैदराबादला मुलाखत होती. सकाळीच मी त्याला फोन केला. तो म्हणाला, निघतो. पण मुलाखत देऊन निघाला, आणि पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही दिवस मावळेपर्यंत खड्ड्याजवळ उभे होतात. लोक म्हणत होते, आता माती द्या, आणि तुम्ही म्हणत होतात, थांबा, गाडी आली असंल. दुसऱ्या दिवशी तो दारात आला तेव्हा तुम्ही त्याला आत घेतलं नाही. "मला पोरगा न्हाई. मेला तो," एवढंच बोललात. त्यानंतर सहा वर्षं तो आला नाही आणि तुम्ही बोलावलं नाही. मी त्याच्याशी लॅबमधून चोरून बोलायचे. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, हे मला माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं. तुमचा झटकासुद्धा मी त्याला कळवला होता. तो म्हणाला, मी आलो आणि त्यांनी परत दार लावलं तर मला सहन होणार नाही.

मग तो होडीवाला आला. नदीच्या काठी एक म्हातारा, होडी खुंटाला बांधून बसलेला. पलीकडं जायचं तर त्याच्याशी बोलावं लागतं. मी विचारलं, एकटाच राहतोस का? आणि तो जे बोलला ते मला अगदी नीट कळलं, नेमकं त्या दिवशी सगळं कळलं. तो म्हणत होता, मला मुलगा होता, तो मेला. जिवंत आहे, पण माझ्यासाठी मेला. उद्या पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला तरी मी ही दोरी सोडणार नाही.

"काय म्हणतंय?" तुम्ही विचारलंत.

मी तुमच्याकडं पाहिलं. तुमचं वाक्य तुम्हालाच परत कसं सांगू? मी म्हणाले, "म्हणतोय, त्याचा पोरगा नदीच्या पल्याड हाय. हा हितं होडी बांधून वाट बघून राहिलाय. आला तर लगेच आणायला जाईन म्हणतोय."

तुम्ही पडद्याकडं बघत होतात. "मग हाक का मारीना त्याला?"

"आवाज पोचत न्हाई म्हणतोय."

"पोचतो की," तुम्ही म्हणालात. "नदी काय लई मोठी न्हाई."

त्या दिवशी तुम्ही पुढं खेळू दिलं नाहीत. चार दिवसांनी मी तुमच्या पायाला तेल लावत असताना, माझ्याकडं न बघता विचारलंत, "त्याचा नंबर हाय का तुझ्याकडं?" मी हाव म्हणाले. केव्हापासून, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी नंबर लावून फोन तुमच्या कानाशी धरला. तिकडून दादा 'हॅलो, हॅलो' करत होता. शेवटी तुम्ही म्हणालात, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी तो दारात होता, बायको आणि लेकीला घेऊन. तुमची नात कसलाही विचार न करता तुमच्या लुळ्या हाताशी खेळायला लागली. दादा स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर रडला. मी त्याला पाणी दिलं. मला इतकं बरं वाटत होतं अप्पा, की वाटलं, आयुष्यात एक तरी काम मी नीट केलं.

आठवड्यानं तो तुम्हाला हैदराबादला घेऊन गेला. तिथं चांगला डॉक्टर होता, व्यायाम करून घ्यायला रोज माणूस घरी येणार होता. तुम्ही म्हणालात, "दोन महिन्यांत येतोच, माय. दुसरा भाग आल्यावर लावू." पहिला आपला होत आला होता. दोन महिन्यांचे अकरा झाले. फोनवर तुमचा आवाज बदलत गेला, मोकळा होत गेला. पाय उचलायला लागलाय. नातीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला जातो, काठी घेऊन. तिथला रिक्षावाला उदगीरचा निघाला. तुम्ही विचारायचात, "गेममधी पुढं गेलीस का?" मी म्हणायचे, न्हाई. "जा की. माझ्यासाठी थांबू नको." मी एक वाजता घरी यायचे, कुलूप काढायचे, एकटीचं ताट वाढून घ्यायचे. कॉम्प्युटरवर आईच्या जुन्या साडीचा तुकडा झाकून ठेवला होता, तो काढलाच नाही.

बाराव्या महिन्यात तुम्ही झोपेतच गेलात. दादानं तुम्हाला लातूरला आणलं. त्यानं मला नंतर सांगितलं, सगळ्या वाटेनं तो तुमच्याशेजारी बसून प्रत्येक गाव आलं की तुम्हाला नाव सांगत होता. जहीराबाद आलं अप्पा. बीदर आलं. कमालनगर. उदगीर. मी दारात उभी होते. त्या घरात तुमच्यासोबत मी इतकी वर्षं राहिले होते, आणि तुमच्या शेवटच्या वर्षातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. आलेल्या माणसांना दादा सांगत होता, अप्पांना हे आवडायचं, अप्पा असं म्हणायचे. मी पाहुण्यासारखी ऐकत होते. आजही तो दिवाळीला म्हणतो, अप्पांनी आपणहून फोन केला, त्याच्यावरच मी जगतोय. मी मान हलवते. होडीवाल्याचं मी त्याला कधी सांगितलं नाही. चौदा वर्षं ते माझ्यापाशीच आहे. रात्रंदिवस घोकत बसले असं नाही, पण एकटी जेवताना मनात यायचं की तुम्हाला मी पाठवलं, माझ्या खोट्यानं तुम्ही गेलात.

तर मागच्या महिन्यात ती मतं वाचताना खाली खाली गेले, आणि तिथं होडीवाल्यावरून वाद चाललेला. बरेच जण त्याला मारून टाकतात म्हणे, त्याचे बूट चांगले असतात, पाण्यात घसरत नाहीत. एक जण लिहितो, याच्यासारखा दगडाच्या काळजाचा माणूस तिन्ही भागांत नाही. दुसरा लिहितो, हे एवढं एक बोलणं ऐकण्यासाठी तरी पहिला भाग खेळा. मग मी पहिल्यापासूनच सुरू केलं. कडेकडेनं चालत, मुदखेडवरून, कंधारच्या खालून. नदीपर्यंत पोचायला तीन रविवार गेले. म्हातारा तसाच बसलेला. मी विचारलं आणि तो बोलायला लागला. मागून 'काय म्हणतंय' असं कुणी विचारलं नाही, म्हणून पहिल्यांदाच मी शेवटपर्यंत नुसतं ऐकलं. तो 'डेड' म्हणतो, अप्पा. दोनदा. सावकाश, स्पष्ट, मध्ये थांबून. डेड.

हा शब्द तुम्हाला येत होता. बॅटरी डेड. अहमदपूरला गाडी डेड झाली, म्हणून उशीर झाला. लहानपणापासून तुमच्याच तोंडून मी तो ऐकत आले होते. ज्या म्हाताऱ्याच्या तोंडात दोनदा 'डेड' आलं, तो वाट बघतोय असं मी तुम्हाला सांगत होते, आणि तुम्ही पडद्याकडं बघत होतात. तुम्हाला कळलं होतं. मी खोटं सांगतेय हे कळूनच तुम्ही म्हणालात, आवाज पोचतो की. चार दिवस विचार करून तुम्ही तुमचा निर्णय घेतलात. मी पाठवलं नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला आणि मैदानाकडं बघत बसले. चौदा वर्षांचं ओझं उतरलं, हे खरं. पण ते उतरल्यावर हाताशी काही राहिलं नाही, हेही खरं. परवा मीही तिथं एक मत लिहून टाकलं, मराठीतच. पहिला भाग सोडू नका, हळू चाला, लोकांच्या घरातलं उचलू नका. आतापर्यंत ते एकाच माणसानं वाचलंय. त्यानं विचारलंय, ताई, होडीवाल्याला मारलं का? मी लिहिलं, नाही.

हे मात्र मी या वहीबाहेर कुठं लिहिणार नाही आणि दादालाही दाखवणार नाही. वही कपाटात जाईल. फक्त एक विचारायचं राहिलं. त्या अकरा महिन्यांत तुम्ही दर रविवारी फोनवर म्हणायचात, "येऊ का माय परत? एकटी हाईस." आणि मी दर वेळी म्हणायचे, "ऱ्हावा निवांत. माझी काय फिकीर करू नका. मी बरी हाय." होडीवाल्याचं खोटं तुम्ही एका शब्दावरून ओळखलंत. हे कसं ओळखलं नाहीत? मी बरी नव्हते, अप्पा. तुम्ही यायला हवं होतं.