आज मी आधी जेवले

"आई, मी येईपर्यंत उपाशी बसू नकोस," असं तू रोज दारातून बजावतेस आणि मी नुसती हसते. छकुले, आज मात्र मी आधी जेवले. बाबा बघतच राहिले, म्हणाले, "सूर्य आज कुठून उगवला?"

काल तू फोनवर मैत्रिणीला सांगत होतीस, "अभ्यासदौऱ्याला परदेशी जायचं फार मनात आहे गं, पण मी घरी आल्याशिवाय आई घास घेत नाही." ऐकून जीव चरकला. तू सुखरूप यावीस म्हणून धरलेलं व्रत तुझ्याच पायात बेडी व्हावं? सकाळी पूजेत देवाला सांगितलं, हे व्रत आता सोडते. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची हरकत नसावी. यापुढे तुझ्या नावाने दिवा लावीन आणि वेळेवर जेवीन.

तेव्हा जायचं की नाही, ते तुझ्या मनाने ठरव, माझ्या पोटाकडे बघून नको. भाजी झाकून ठेवली आहे. मी दोनदा वाढून घेतली, म्हणून जरा कमीच उरली.

तू लहान असताना तुला शब्द दिला होता, दूरदेशी निघालीस की उबदार कोट मी शिवीन. तुझं ठरेपर्यंत बेतून तरी होईल, म्हणून लोकरीचं कापड घेऊन शिंपीणकाकूंकडे कापून घ्यायला निघाले आहे; शिवणार मात्र मीच.

आई