काकीचं गोंदण

१२ नोव्हें., बुध.
सात वर्षांनी पेन्सिल हातात. लाखनीत लग्नपत्रिकांसाठी नवरा-नवरीची चित्रं टॅबवर काढून पोट भरतं, पण हात पार बिघडला. आज साधा पेला काढला, तोही कलला. टॅबवर करते तशी चुकलेली रेघ मागे जावी म्हणून दोन बोटं कागदावर टेकवली. आधी हसू आलं, मग नाही आलं.

१६, रवि.
कारध्याला काकाकडे. धान कापून झालंय, काकी मोकळी. म्हटलं, तुला समोर बसवून चित्र काढते. दागिने उतरवून ठेव, मला सोपं जाईल. बिचारी ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात दोन तास बसली, माशी बसली तरी हलली नाही. मला नाक जमेना. खोडून खोडून कागद फाटायला आला. घरी पूर्ण करते म्हणून पळाले.

१८, मंगळ.
करू नये ते केलं. दिवाळीतली आमच्या दोघींची सेल्फी टॅबवर मोठी केली, उजेड वाढवला, वर कागद ठेवून तिचा चेहरा गिरवला. वीस मिनिटं. झुमक्यांचा मणी न् मणी उतरला. खाली सहीसुद्धा ठोकली. 

२०, गुरु.
कारध्याला चित्र नेऊन दिलं. काकीनं ते देव्हाऱ्याशेजारी लावलं. काका बराच वेळ पाहत होता.
"हिचं गोंदण डाव्या गालावर आहे न? तू त उजव्यावर काढलं."
सेल्फीत चेहऱ्याचं डावं-उजवं उलटं आलं होतं. समोर बसलेल्या बाईचा गाल मी पाहिलाच नव्हता. मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "आरशात मी अशीच दिसतो. पोरीनं दोन तास पाहून काढलं, तुमाले काय समजते?"
 तेव्हाच खरं बोलायचं. नाही बोलले. लाज वाटते.

२३, रवि.
पुन्हा कारधा. टॅब, फोन दोन्ही घरी. काकीला म्हटलं, ते नीट झालं नाही, दुसरं काढते. तिनं लगेच खुर्ची उन्हात ओढली. आधी गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या गालावर. मग गाल. नाक वाकडंच आलं, राहू दिलं.
काकी हळूच म्हणाली, "झुमके घालून येऊ काय? त्या चित्रात काढले तू. त्या दिवशी त माझे कान रिकामेच होते."
काका आत होता. त्याला ऐकू गेलं नाही.
कान अजून काढायचे आहेत.