काट्याची वायर

अप्पा, काल तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डाखालचं झाकण काढलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तिथं हात घालायची वेळ कुणावर आली नव्हती. माझ्या मुलीला गाडी कोडैकानलला न्यायची आहे. वर थंडी असते, हीटर नीट करून दे, असं ती म्हणाली. तंजावुरात हीटर कोण लावतो? या गाडीला तो आहे हे मी विसरूनच गेले होते. बटण फिरवलं तर गार वारा आला, आणि पेठेपर्यंत जाऊन येईतो बॉनेटमधून वाफ. डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा मात्र थंडवरच.

मेकॅनिक म्हातारा आहे, सावकाश बोलतो. म्हणाला, "मॅडम, इंजिन तापतंय आणि हीटर गार, ही दोन दुखणी नव्हेत. पाणी जिथं फिरायचं तिथं फिरत नाही." हीटरला जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या काढून एकमेकींना जोडल्या होत्या, जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तिथूनच पाणी झिरपत होतं. "आमच्या उन्हात सगळे असंच करायचे. पण हीटर असता ना, तर गाडी तापल्यावर तो पूर्ण सोडायचा, खिडक्या उघडायच्या आणि हळू जायचं. इंजिनाची उष्णता आत येते. घामानं भिजाल, पण पोचाल." मग तो डॅशबोर्डाखाली शिरला आणि आतूनच हसला. "काट्याची वायर तुटलेली नाही मॅडम. कुणीतरी काढलीय आणि फुलांच्या माळेसारखी बांधलीय."

वायरच्या टोकाला काळा टेप, आणि टेपवर केळीच्या सोपटाचे तीन वेढे. अप्पा, छत्रीची काडी, चष्म्याची दांडी, रेडिओचा दांडा, सगळं सोपटानं बांधणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

ती पहाट आठवा. मी एकोणीस वर्षांची आहे. कोइमतूरहून फोन आलाय, आईची अक्का, तिची थोरली बहीण, जात नाही आणि राहत नाही अशी शेवटच्या घटकेला आहे. आईला तिनंच वाढवलेलं. पहाटे निघताना तुम्ही मला पुढं बसवलंत. पूर्वी तिथं आई बसायची, आणि काटा जरा वर गेला की "थांबा हो, तापतंय" म्हणून तुम्हाला थांबवायची. तुम्हाला ते खपायचं नाही. "आता ही बघेल काटा. तू मागं बसून स्तोत्र म्हण," असं तुम्ही तिला म्हणालात, आणि मला, "डोळा हलवायचा नाही. वर गेला की सांग." करूरच्या पुढं गाडी वाफ सोडून उभी राहिली. आम्हा दोघींना चिंचेखाली बसायला सांगून तुम्ही एकटेच बॉनेटात वाकलात. मदतीला आलेल्या लॉरीवाल्यालाही जवळ येऊ दिलं नाहीत. तो म्हणाला, "सार, आत काय नवी नवरी बसवलीय?" तुम्ही हसला नाहीत. चार तास गेले. आम्ही पोचलो तेव्हा अक्काला नेऊन अंगण धुऊन झालं होतं.

त्या ओल्या अंगणात, सगळ्या नातेवाइकांदेखत, तुम्ही म्हणालात, "काटा बघायला बसवली होती, हिचा डोळा लागला." मी म्हटलं, मी बघत होते, काटा हललाच नाही. तुम्ही म्हणालात, "वर खोटंही बोलते." वर्षभर आईनं मला नावानं हाक मारली नाही. आजही अक्काचा विषय निघाला की ती आधी माझ्याकडं बघते आणि मग दुसरीकडं.

त्यानंतर तुम्ही सतरा वर्षं जगलात. सतरा वर्षं रोज त्या वायरीसमोर बसून ऑफिसला गेलात. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बोलला असतात, दवाखान्यात मी तुमचे पाय चेपत होते तेव्हा बोलला असतात तरी चाललं असतं. बायकोनं थांबा म्हणू नये एवढ्यासाठी तुम्ही काटा मुका केलात आणि मुक्या काट्यासमोर मला राखणीला बसवलंत. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी आयुष्यभर फार कमी बोलले आहे, त्यामुळं मला ते चालेल असं वाटतं.

आज सकाळी आई कीरैची पालेभाजी निवडत बसली होती. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं, नळ्या, वायर, सोपट. काड्या मोडणारी तिची बोटं थांबली.

"म्हणजे तू बघत होतीस?"

"हो."

"आणि मी तुला इतकी वर्षं..." तिनं पदर तोंडाला लावला. मग माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या हाताला पाल्याचा वास होता. "सरी," ती म्हणाली. "सरी, कण्णा." बरं, बाळा, एवढंच.

आईची शाळा तमिळमधून झाली, तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून पुढचं इथं लिहिते. हा कागद मी कुठं पाठवणार नाही, ठेवणारही नाही. तुम्हाला माफ केलेलं नाही, करेन असं वाटत नाही. पण करूर सोडल्यावर मला झोप लागली होती, अप्पा. वाफेच्या आवाजानं मी जागी झाले. तेवढं तुम्ही खरं बोलला होतात.