जावेचं पॅलेडियम

सोमवार, ४

धाकटीचं पुन्हा जमलं. माझी धाकटी जाऊ, माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच शब्दावर लागलेली! माझं पॅलेडियम क्लोराईडला असं चिकटून बसायचं की कामच करेना. हिने आल्या आल्या क्लोराईड हाकललं आणि सल्फोनिक आम्ल आणलं. ते धातूला जेमतेम धरतं, जागा मोकळी ठेवतं. रिॲक्शन धडाधड. एवढी साधी गोष्ट मला का सुचू नये?

मंगळवार, ५

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं.

गुरुवार, ७

सर म्हणाले, "कायमची जागा एकच आहे. हिचे स्फटिक मिळाले, आतली रचना कळली, की ठरवू." हिचे! आणि मी इतकी वर्षं काय गवत उपटत होते? घरी सासूबाई — "धाकटीच्या हाताला गुण आहे हो." वर ही बया माझा डबाही भरते. काकडीसोबत मिठाची पुडीसुद्धा.

शुक्रवार, ८

केलं. सगळे चहाला गेले होते. पुडीतलं चिमूटभर मीठ तिच्या फ्लास्कमध्ये. मीठ म्हणजे क्लोराईडच की. ते धातूला घट्ट धरणार, आम्लाला हुसकावून लावणार. बस म्हणावं आता रडत.

रात्री जेवताना विचारते, "ताई, बरं नाही का?" ताट तसंच सारून उठले.

सोमवार, ११

स्फटिक आले. पिवळेधमक, कडा अगदी कोरीव — मीठ घातलेल्या फ्लास्कमध्येच! आम्लासोबत नुसता चिकटा उरायचा. क्लोराईडने धरलं आणि सगळे कण गुमान रांगेत बसले. सरांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. मीही पाठ थोपटली. काय करणार?

बुधवार, १३

तिला पुन्हा जमत नाहीये. सारखा चिकटाच. मघाशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "ताई, माझं काय राहतंय?" बराच वेळ हलली नाही. सांगितलं तर माझी छी-थू होणार आणि जागा तिच्या पदरात. म्हटलं, "भांडी नीट धू."

शनिवार, १६

स्फटिकांच्या रचनेत क्लोरीन निघालं, मिठातलंच. "हे आलं कुठून?" सर चक्रावले. मी उगाच वही चाळत राहिले.

धाकटी शांतपणे म्हणाली, "ताईंनी मीठ घातलं होतं, सर. मी दारातून पाहिलं. त्यांना सुचलं म्हणून स्फटिक आले."

सरांनी तिथल्या तिथे जागा मला दिली. घरी आल्यावर धाकटीने मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवली, "ताई, यापुढे पुडी तुमची तुम्हीच बांधा."